दोन बोटे वर

माझा उजवा खांदा मार्चमध्ये दुखू लागला. नेमका दिवस सांगता येत नाही, आणि ही गोष्ट मला अजून खटकते. वाशिममध्ये एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात मी बावीस वर्षे बातम्या तपासते आहे. वार्ताहराने 'गेल्या काही दिवसांपासून' असे लिहिले की मी फोन करून विचारते, किती दिवसांपासून? पोहरादेवीच्या यात्रेची बातमी 'लाखो भाविक' अशी आली की विचारते, मोजले कोणी? स्वतःच्या खांद्याबाबत मात्र माझ्याजवळ एवढेच आहे: आधी हात पाठीमागे नेताना अडू लागला, एप्रिलमध्ये ऑटोची दांडी धरून उतरताना आलेली कळ दंडापर्यंत गेली, आणि मे महिन्यात वेणी घालणे बंद झाले. एका हाताने लावता येईल असा क्लचर मी बाजारातून आणला.

आमच्याकडे याला 'खांदा धरला' म्हणतात. डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर असे लिहून दिले. एक्स-रे स्वच्छ होता. तीन महिन्यांची साखर वर निघाली. ती मी त्याआधी कधी तपासलीच नव्हती. मधुमेह असला की खांदा धरण्याची शक्यता वाढते, असे त्यांनी सांगितले. गोळ्या सुरू झाल्या, सकाळचे चालणे सुरू झाले, चहातली साखर गेली. दुखणे कमी व्हावे म्हणून सांध्यात एक इंजेक्शन दिले. त्याने झोप परत आली. हात वर आला नाही.

हे टिपण माझ्या खांद्याइतकेच माझ्या थोरल्या जावेच्या खांद्याचे आहे. नवऱ्याचे थोरले भाऊ आणि त्यांची बायको किन्हीराजाला राहतात. शेती आहे, एक बैलजोडी अजून ठेवली आहे. जावेचा डावा खांदा माझ्या आधी नऊ महिने धरला होता. त्या वर्षी महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसल्या तेव्हा तिच्या दुखण्याला तीन महिने झाले होते. हा काळ सर्वांत जास्त दुखण्याचा असतो, हे मला आज माहीत आहे. महालक्ष्मीला साडी नेसवायला तिने हात उचलला आणि तोंड वाकडे करून खाली बसली. दोन्ही साड्या मी नेसवल्या. पुरण मी वाटले, सोळा भाज्या मी चिरल्या. परतीच्या एसटीत मी नवऱ्याला म्हणाले, "बहाणा आहे."

"असेल," तो म्हणाला.

दिवाळीत आम्ही पुन्हा गेलो. दिवस मावळायच्या सुमारास भासरे, म्हणजे माझे थोरले दीर, गोठ्यातून आले. हातपाय धुतले आणि चुलीवरून गरम पाण्याचा गंज उचलून ओसरीवर आणला. गंजात पळसाची पाने होती. जाऊ भिंतीला टेकून बसली. त्यांनी पाने एकेक काढली, झटकली, तिच्या खांद्यावर एकावर एक बसवली, वरून जुने धोतर गुंडाळले. पाने निवली की बदलली. मी घड्याळ पाहिले. पंचवीस मिनिटे हे चालले. त्यात ते एकच वाक्य बोलले. जावेने मला, "पाह्य ना, मले निरा बैल करून टाकलं," असे म्हटल्यावर ते म्हणाले, "बैलाले चालते त माणसाले काहून नाई?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात आणि पळसाची पाने गरम पाण्यात बुडवून त्यावर ठेवतात. भासऱ्यांनी तेच बायकोला लावले होते. बैलांना वर्षातून एक संध्याकाळ मिळते. तिला रोजची मिळत होती.

त्या वेळी माझा खांदा ठीक होता. तरीही ती पंचवीस मिनिटे माझ्या लक्षात राहिली. मी नवऱ्याकडे पाहिले होते. तो मोबाईलवर होता.

माझा खांदा धरल्यावर नवऱ्याने विजेवर तापणारी शेकपिशवी आणली. तो मंगरूळपीरला सरकारी कार्यालयात आहे. सकाळच्या बसने जातो, संध्याकाळच्या बसने येतो. "वीस मिनिटांनी आपोआप बंद होते," पिशवी हातात देत तो म्हणाला. पिशवी चांगली होती. पळसाच्या पानांपेक्षा तिची ऊब एकसारखी राहते. ती मला नको होती असे म्हणायला माझ्याजवळ कोणतेही कारण नव्हते. मी ती वीस मिनिटे लावायची, आणि ती आपोआप बंद व्हायची.

फिजिओथेरपीच्या बाई माझ्यापेक्षा बऱ्याच लहान होत्या. त्यांनी सांध्याचे चित्र काढून दाखवले. "सांध्याभोवती एक पिशवी असते. ती जाड होते, आकसते. आधी दुखतं, मग आखडतं, मग सुटतं."

"किती दिवसांत?"

"वर्ष, दीड वर्ष. काहींना दोन, तीन."

"नेमके सांगता येणार नाही?"

"कोणालाच नाही. पण घाई केली की ती पिशवी चिडते, एवढं नेमकं सांगते."

त्यांनी कोनमापकाने माझा हात मोजला आणि दोन व्यायाम दिले. एकात टेबलाला टेकून वाकायचे आणि दुखरा हात लंबकासारखा लोंबकळत सोडायचा. दुसऱ्यात भिंतीसमोर उभे राहून बोटांनी भिंत चढायची, मुंगी चढते तशी. कळ यायच्या आधी थांबायचे. थांबले तिथे रविवारी पेन्सिलने खूण, वहीत तारीख आणि उंची. निजताना हाताखाली उशी. व्यायामाआधी शेक. "खांदा कानाकडे उचलून वर जाऊ नका," त्या म्हणाल्या, "बरेच जण तसं स्वतःला फसवतात."

मी हसले होते. मला हे सांगायची गरज नव्हती, असे मला वाटले होते.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी स्विचबोर्ड आहे. त्याच्या बाजूची भिंत मोकळी होती. मेमधली पहिली खूण माझ्या खांद्याच्या रेषेत होती, स्विचबोर्डाच्या खालच्या कडेपासून पाच बोटे खाली. जुलैच्या दुसऱ्या रविवारपर्यंत ती तीन बोटे चढली. नऊ आठवड्यांत तीन बोटे. बाईंनी ते चांगले आहे असे सांगितले.

त्याच आठवड्यात मालेगाव तहसीलमध्ये माझे काम होते. तिथून मी किन्हीराजाला गेले. भासरे शेतात होते. ओसरीच्या भिंतीवर गेरूच्या खुणा होत्या, एकाखाली एक, बोट गेरूत बुडवून ओढलेल्या. जावेलाही तिच्या डॉक्टरांनी भिंतीचाच व्यायाम दिला होता. खुणा भासरे करत. सर्वांत वरची खूण माझ्या डोळ्यांच्या रेषेत होती. जाऊ माझ्यापेक्षा चार बोटे बुटकी आहे. म्हणजे तिच्या अंगाच्या मापाने ती खूण आणखी चार बोटे वर धरायला हवी. मी डाव्या हाताची वीत भिंतीला लावून मोजत होते, तेव्हा ती आतून चहा घेऊन आली.

"काय मोजून राह्यली वं? भित इकाची हाये का आमाले?"

"नाही वं आक्का. सहज."

"सहज कोनी वीत लावते का? तुहा कसा हाये खांदा?"

"तीन बोटे चढला."

"चढन, चढन. माहा त दगड झाला होता. धीर धर." असे म्हणत तिने कप खाली ठेवला, दोन्ही हात डोक्यामागे नेले, सुटलेले केस पिळले आणि अंबाडा बांधला. बोलता बोलता. तिचे तिच्या हातांकडे लक्षही नव्हते. डावा कोपर कानाच्या वर गेला होता.

मी चहा प्याले. त्यात साखर होती, सांगायचे राहिले.

बाहेर मोटारसायकल वाजली तशी तिने हात झटकन खाली घेतले, डोक्यावरून पदर ओढला आणि डावा हात मांडीवर ठेवून बसली. नवरा आल्यावर बाई सावरून बसते, तसे ते मला वाटले. त्याहून जास्त मी त्यात काही पाहिले नाही. भासऱ्यांनी ओसरीवर पाय ठेवत तिला विचारले, "तिचा खांदा कसा हाये म्हना?"

मी हातभर अंतरावर बसले होते. धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचे नाही, तिला हात लावायचा नाही, ही आमच्या घरची रीत. पंचवीस वर्षांत आमच्यात थेट वाक्य झालेले नाही.

"तीन बोटं चढला म्हंते," जाऊ म्हणाली.

"बरं हाये. सांग तिले, वढू नको म्हना." ते गंज ठेवायला चुलीकडे गेले. तेरा महिने झाले होते आणि शेक अजून चालू होता. मी परतीची एसटी लवकरची घेतली.

पुढच्या रविवारी मी भिंत चढले. बोट जिथे थांबले ती जागा मला आजही दाखवता येईल. मी पेन्सिल डाव्या हातात घेतली आणि खूण त्याच्या दोन बोटे वर केली.

हे लिहिताना कारण शोधायचा मोह होतो. प्रकाश कमी होता, बोट घसरले, असे काही. प्रकाश पुरेसा होता. घरात दुसरे कोणी नव्हते, कोणी पाहणार नव्हते, आणि जावेपर्यंत ती खूण पोचणारही नव्हती. तरीही ती खूण मी तिच्यासाठी केली. वहीत तारीख टाकली, उंची टाकली. माझे अक्षर चांगले आहे.

खोट्या खुणेची अडचण अशी की पुढच्या रविवारी तिच्याहून वर जावे लागते. खरा हात जिथल्या तिथे होता. चार रविवारांत मी वहीत सात बोटे चढले. या काळात दवाखान्याची एक वेळ होती. तिथे कोनमापक होते, म्हणून मी गेले नाही. कार्यालयात काम आहे असे कळवले आणि वहीच्या पानाचा फोटो बाईंना फोनवर पाठवला. त्यांचे उत्तर आले: "छान प्रगती. इतका वर येत असेल तर आता दोरी-कप्पी सुरू करू. चांगल्या हाताने दुखऱ्याला फक्त आधार द्या, ओढू नका."

नवऱ्याने दाराच्या चौकटीवर कप्पी बसवून दिली. मी एका गुरुवारी डाव्या हाताने दोरी ओढली. उजवा हात भिंतीवरच्या चौथ्या खोट्या खुणेपर्यंत न्यायचा होता. ती माझ्यासमोर होती आणि तिच्यावर माझ्या अक्षरात तारीख होती. हात तिथपर्यंत पोचला नाही. खांद्यात जे झाले त्याचे वर्णन करण्याजोगे शब्द माझ्याकडे नाहीत. मी जमिनीवर बसले आणि बराच वेळ उठले नाही. त्यानंतर चहाचा कप उजव्या हाताने तोंडाशी नेता येईना. वेदना पुन्हा एप्रिलसारखी झाली.

बाईंना फोन केला.  त्या म्हणाल्या, "हे बरोबर नाही. हात इतका वर जात होता आणि एकदम इतका खाली आला, म्हणजे आत काही फाटलंय का ते पाहावं लागेल. पोळ्यानंतरच्या सोमवारी वही घेऊन या. डॉक्टरांना दाखवते. बहुतेक अकोल्याला पाठवू. एमआरआय होईल, आणि सर्जनना वाटलं तर भूल देऊन खांदा मोकळा करतील."

"वहीवरून ठरेल?"

"वही, आणि तपासणी. पण वही महत्त्वाची. तुम्ही इतकी व्यवस्थित ठेवली आहे."

बावीस वर्षांत मी हे वाक्य बऱ्याच वार्ताहरांबद्दल बोलले आहे.

सोमवारी मला दोनपैकी एक करायचे होते. तीच वही द्यायची, किंवा ती खोटी आहे असे सांगायचे. पहिले केले तर भूल, अकोला, कदाचित नको असलेली शस्त्रक्रिया. दुसरे केले तर एका तरुण बाईसमोर, जिने स्वतःला फसवू नका म्हणून मला आधीच सांगितले होते, तोंड उघडायचे. कोणत्याही समजदार माणसाला यात निवड अवघड वाटू नये. मला दहा दिवस वाटली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही किन्हीराजाला पोचलो. उजवा हात मी ओढणीच्या झोळीत ठेवला होता. जाऊ दारातच म्हणाली, "हे काय करून घेतलं वं माय? तू त चढून राह्यली होती ना?"

"चढत होते," मी म्हणाले.

संध्याकाळी खांदशेकणी झाली. अंगणात दोन्ही बैल धुऊन उभे होते. गंजात पाणी तापले होते, परातीत तूप आणि हळद कालवलेली होती, पळसाची पाने टोपलीत. भासरे एका बैलाच्या खांद्यावर तळवा ठेवून उभे राहिले. काहीच करत नव्हते, नुसता हात ठेवला होता. मग तूप लावले. दोन्ही हातांनी, मानेकडून खाली, जिथे जू बसते तिथे बराच वेळ. माझा नवरा बैलाचे दावे धरून होता आणि बैलाने मान झटकली तसा मागे सरकला.

"धर ना रे नीट, हपिसवाल्या. फाईल नाई ते."

"मारते ना तो."

"नाई मारत. हात ठेव इथं. कुठं गरम लागते पाह्य. हातालेच समजते ते, डोळ्याले नाई."

नवऱ्याने हात ठेवला. भासऱ्यांनी पाने लावली आणि बैलाच्या कानाशी नेहमीचे आमंत्रण म्हटले: "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी ओसरीवर बसून हे पाहत होते. बैलाने डोळे अर्धे मिटले होते. मला त्याचा हेवा वाटला. हे वाक्य वार्ताहराने लिहून पाठवले असते तर मी छापले नसते, पण ते खरे आहे. जावेचा हेवा मला वर्षभर वाटत होता. आता बैलाचाही वाटू लागला. कुठेतरी थांबायला हवे होते.

जाऊ माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या डोळ्यांसमोर तिच्या गेरूच्या खुणा होत्या.

"आक्का," मी म्हणाले, "माझ्या खुणा खोट्या आहेत."

"कोनत्या?"

"भिंतीवरच्या. शेवटच्या चार. हात तिथपर्यंत गेलाच नव्हता. तुझ्या पाहिल्या आणि मी वर काढल्या."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने पदर तोंडाला लावला. मला वाटले ती ओरडणार. ती हसत होती. आवाज येऊ नये म्हणून पदर दातात धरला होता, आणि खांदे, दोन्ही खांदे, हलत होते.

"माह्या पाहून?" ती म्हणाली. "अवं, माह्याबी खोट्याच हायेत ना!"

"म्हणजे?"

तिने अंगणाकडे पाहिले आणि आवाज उतरवला. "मी खालीच थांबतो. हात जाते वर, पन मी थांबतो आधीच. अन् म्हंतो, बस, दुखते. मंग ते तिथं खून करते."  तिने हात पसरला. "बरा झाला म्हटलं असतं त शेकनं बंद नसतं का झालं? तीस वर्सात हा मानूस दिवस बुडता घडीभर माह्याजवळ बसला नाई. खांदा धरला तवा बसला. मंग मी कायले सांगू?"

मला जुलैतली मोटारसायकल आठवली, आणि झटकन खाली आलेले हात. ते मी पाहिले होते, आणि चुकीचे लिहून घेतले होते.

हिशेब करायला मला वेळ लागला नाही. तिच्या खुणा खऱ्यापेक्षा खाली होत्या. म्हणजे तिचा हात मी मोजला त्याच्याही वर जात होता. माझा हेवा तिथल्या तिथे चार बोटे वाढला. आणि मी माझ्या पाचव्या महिन्याची बरोबरी तिच्या चौदाव्या महिन्याशी करत होते. हे दोन्ही आकडे मला पहिल्यापासून माहीत होते. ते शेजारी शेजारी मांडले मात्र नव्हते.

"डॉक्टरले सांग," ती म्हणाली. "माह्या खुनांनं कोनाचं काई बिघडलं नाई. तुह्यानं त खांदा कापतीन ते."

"लाज वाटते."

"लाज वाटते त मंग अकोल्याले जाय. मी डबा घेऊन येतो." ती पुन्हा पदराआड हसली.

अंगणात दुसऱ्या बैलाचे झाले होते. भासऱ्यांनी गंज उचलून ओसरीच्या पायरीवर ठेवला. त्यात पाणी अजून वाफाळत होते, पानेही होती. ते जावेला म्हणाले, "तिले शेकून दे म्हटलं. पानी आधी हातानं पाह्य. बैलाचं कातडं जाड रायते." आणि पाठ फिरवून अंगणात गेले.

जावेने आत नेऊन माझा खांदा शेकला. पाने जाड, खरबरीत होती आणि त्यांना ओल्या लाकडासारखा वास होता. त्याने सांध्याची पिशवी सुटत नाही. ऊब आहे तोवर दुखणे कमी होते, एवढेच. शेकपिशवीनेही तेच होते. तरीही मी हलले नाही. खिडकीतून बाहेरचे बोलणे ऐकू येत होते. माझा नवरा विचारत होता, हा बैल यंदा कामाला का लावला नाही, खांदा तर बरा दिसतो.

"बरा झाला तो कवाचाच," भासरे म्हणाले. "पन बैलबी चालाख रायते. बरा झाला तरी जू पाह्यलं का खांदा चोरते. शेकू शेकू घेते."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करता! शेकतो."

जावेचा हात माझ्या खांद्यावर थांबला. ती आता हसत नव्हती. खिडकीकडे पाहत होती. मग तिने पान उचलले, गंजात बुडवले आणि पुन्हा ठेवले. या वेळी जरा जास्तच गरम. मी ओरडले नाही.

मला त्या क्षणी तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा पूर्वी कधी वाटला नव्हता. त्याची नोंद इथे करते.

सोमवारी मी वही टेबलावर ठेवली आणि बाईंनी ती उघडायच्या आधी सांगितले की शेवटच्या चार नोंदी खोट्या आहेत. त्यांनी 'का' असे विचारले नाही. चार नोंदींवर रेघ मारून त्यांनी विचारले, "खरं कुठं होतं?" मी सांगितले. त्यांनी कोनमापक काढले, हात मोजला, दंडाची ताकद तपासली, डॉक्टरांना बोलावले.

"फाटल्यासारखं वाटत नाही," डॉक्टर म्हणाले. "चिडवलाय. अकोला राहू द्या. दोरी काढून टाका."

"सहा आठवडे काहीही ओढायचं नाही," बाई म्हणाल्या. "लंबक, शेक, चालणं, साखर. पुन्हा पहिल्यापासून." मग माझ्याकडे पाहत त्यांनी विचारले, "खूण कोण करतं घरी?"

"मीच."

"यापुढं दुसऱ्या कोणाकडून करून घ्या. आणि त्या माणसाला एक हात तुमच्या खांद्यावर ठेवायला सांगा, वरून. म्हणजे खांदा कानाकडे जाणार नाही."

मला हे आधी सुचायला हवे होते. ज्याची बातमी त्यानेच ती तपासायची नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम.

घरी येऊन मी चार खुणा खोडरबराने पुसल्या. डाव्या हाताने पुसल्यामुळे भिंतीवर डाग राहिले. रविवारी नवऱ्याला बोलावले. तो मोबाईल ठेवून आला. पेन्सिल त्याच्या उजव्या हातात दिली, डावा माझ्या खांद्यावर ठेवायला सांगितला.

"किती दाबू?"

"दाबायचं नाही. ठेवायचा फक्त."

त्याने ठेवला. मग म्हणाला, "इथं गरम लागतं गं."

मी भिंत चढले. बोट थांबले. त्याने खूण केली.

"इथं नाही, जरा वर होतं," मी म्हणाले.

"नव्हतं. मी पाहत होतो."

ती खूण मेमधल्या पहिल्या खुणेपेक्षा एक बोट खाली आहे. तिच्यावर तारीख त्याच्या अक्षरात आहे. ते वाईट आहे, पण वाचता येते. त्यानंतर दर रविवारी तो बोलावल्यावर येतो. कधी कधी न बोलावताही आला आहे, तीन वेळा. दिवाळीत खूण स्विचबोर्डाच्या खालच्या कडेला लागली. संक्रांतीपर्यंत वरच्या कडेच्या एक बोट वर गेली. वेणी अजून होत नाही.

जाऊ रविवारी फोन करते. तिच्या ओसरीवर आता नव्या खुणा होत नाहीत. शेक रोज होतो.

"किती?" तिने गेल्या रविवारी विचारले.

"स्विचबोर्डाच्या वर एक बोट."

"खरं?"

"खरं. पेन्सिल ह्यांच्या हातात होती."

"अन् दुसरा हात?"

"खांद्यावर."

 ती म्हणाली, "आमचे हे त पानं ठेवते अन् हात काढून घेते वं. पानं निवेपावेतो बैलाकडं पाह्यत बसते."

तो स्वर माझ्या ओळखीचा होता. वर्षभर तो माझाच होता.  फोन ठेवायची घाई मी केली नाही.